पाऊस लागला की मामा झोपत नाहीत

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातलं कुंभाराचं घर, गणपतीच्या मूर्तींचा पिढीजात व्यवसाय. सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, वय ६३. २०१९ ला आणि परत २०२१ ला घरात आणि कारखान्यात पुराचं पाणी शिरलं, तयार होत आलेल्या मूर्ती गेल्या. तेव्हापासून पावसाळा लागला की मामा रात्री झोपत नाहीत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दर पंधरा-वीस मिनिटांनी मोबाइलवर बघतात, एका वहीत वेळ आणि फूट-इंच लिहून ठेवतात, रात्री दोन-तीनला उठून घाटाकडे चक्कर मारून येतात. बोलायला गेलं की अंगावर येतात. पाऊस नसतानाही चिडचिड असतेच. नवरा म्हणतो, मोबाइल काढून घेऊ. सासूबाई म्हणतात, बाहेरचं काहीतरी असणार. ताईंचा प्रश्न एवढाच: हा आजार आहे की आता वयानुसार झालेला स्वभाव?

ताई, मी गेली २२ वर्षं कोल्हापुरात मानसोपचार करतो. तुमचे मामा मी पाहिलेले नाहीत, त्यामुळं निदान इथून सांगणार नाही. पण ही गोष्ट माझ्यासमोर इतक्या वेळा आली आहे की तिच्याकडं कसं बघावं, हे मात्र सांगू शकतो.

आधी एक गोष्ट मान्य करू या. मामांची भीती खोटी नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तेव्हा लोक म्हणाले, असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो. दोनच वर्षांत, २०२१ च्या जुलैमध्ये, पाणी ५६ फुटांच्याही वर होतं. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. म्हणजे धोक्याच्या खुणेवर आणखी एक मजला. ज्या माणसानं दोनदा हे बघितलं, त्याला तुम्ही ‘काही होत नाही ओ मामा, झोपा आता’ म्हणता, तेव्हा त्याला ते अजिबात पटत नाही. २०१९ लाही कुणीतरी हेच म्हणालं होतं. त्यामुळं धीर देणाऱ्यावरच विश्वास उडतो आणि माणूस आणखी एकटा पडतो. अंगावर येणं बहुतेक वेळा इथून सुरू होतं.

मूर्तिकाराच्या बाबतीत तर वेळही वैऱ्याची असते. २०१९ ला गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, आणि पूर आला ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. वर्षभराचं भांडवल, उधारी, रंग, माणसांची मजुरी, सगळं त्या कच्च्या मूर्तींत अडकलेलं असतं. शाडूची न भाजलेली मूर्ती पाण्यात किती वेळ टिकते, हे तुम्हाला मी सांगायला नको. हाताखाली घडवलेली गोष्ट चिखल होऊन परत जाताना बघणं हे पैशाच्या नुकसानीपेक्षा वेगळं दुःख आहे. मामा त्याबद्दल कधी बोललेत का? माझा अनुभव असा की, अशी माणसं किती लाख गेले ते सांगतात, पण पाणी ओसरल्यावर कारखान्याचं दार उघडलं तेव्हा काय दिसलं, हे सांगत नाहीत.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडं येतो. नदीकाठच्या माणसानं पावसाळ्यात पातळी बघणं हा आजार नाही. पाणी जामदार क्लबपाशी आलं का, सुतारवाड्यातली माणसं हलवली का, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे अर्ध्या कोल्हापूरला जुलै-ऑगस्टमध्ये तोंडपाठ असतं. मी स्वतः बघतो. मी रुग्णाला विचारतो ते वेगळं: बघितल्यावर मन किती वेळ निवतं? तासभर निवलं तर ती काळजी. पाच मिनिटांत परत हात मोबाइलकडं गेला, तर बघण्याचं काम आता माहिती मिळवण्याचं राहिलेलं नाही. ते भीती दाबण्याचं साधन झालंय, आणि त्याचा असर दर वेळी लवकर संपतोय.

हे घडतं कसं, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. छातीत धडधड वाढते. मामा मोबाइल उघडतात. ३८ फूट ४ इंच. मघाशी ३८ फूट ४ इंचच होतं. हुश्श. या ‘हुश्श’ची मेंदू नोंद घेतो: बघितलं म्हणून बरं वाटलं. पुढच्या वेळी धडधड झाली की तो तेच मागतो, आणि आधीपेक्षा लवकर मागतो. मध्ये कधी एक इंच वाढलेलं दिसलं, तर मेंदू म्हणतो, बघ, लक्ष ठेवलं म्हणून कळलं. म्हणजे पाणी वाढलं तरी बघणं बरोबर ठरतं, नाही वाढलं तरी बरोबर ठरतं. न बघता राहिलो तरीही काही झालं नसतं, हा अनुभव त्या माणसाला कधी मिळतच नाही. त्यामुळं भीती जिथं होती तिथंच राहते.

मग नुसता मोबाइल काढून घ्यायला काय हरकत आहे? मोबाइल काढला की मामा रात्रीत दोनदा जाणारे घाटावर चारदा जातील, अंधारात, निसरड्या पायऱ्यांवर. शिवाय घरातल्या कर्त्या माणसाच्या हातून वस्तू हिसकावून घेणं हा अपमान आहे, आणि तो अपमान उपचारांच्या आड येतो. तुमच्या यजमानांची तळमळ मला कळते. पण हा मार्ग नको.

पूर ओसरून वर्षं उलटली तरी शरीर तिथंच का अडकतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण कुत्र्यांचं आहे. १९२४ च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगांतले कुत्रे पिंजऱ्यांत होते, पाणी चढत गेलं, आणि अखेर त्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढावं लागलं. कुत्रे वाचले. पण काहींनी महिनोन् महिने शिकवलेल्या सवयी हरवल्या होत्या. त्यांतला एक हळवा कुत्रा कालांतरानं पूर्ववत झाला, असं वाटत होतं. मग पावलोव्ह यांनी खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली. तेवढ्यानं तो कुत्रा पुन्हा अस्वस्थ झाला, शिकलेलं पुन्हा गेलं. बुडवण्याएवढं पाणी नव्हतंच, फक्त ओली फरशी होती.

माणसाच्या मेंदूतही धोक्याची घंटा वाजवणारा भाग वेगळा आणि ‘हे कधी, कुठं घडलं’ याचा हिशेब ठेवणारा भाग वेगळा. फार मोठ्या धक्क्यात घंटा जोरात वाजते आणि हिशेब मात्र कच्चा राहतो. मग ओल्या मातीचा वास, पत्र्यावरचा पाऊस, रात्री दूर वाजणारा भोंगा, यांतलं काहीही आलं की शरीर २०१९ च्या त्या रात्रीत जातं. कुंभाराच्या घरात तर ओल्या मातीचा वास बारा महिने. म्हणजे मामांना रोज कामावर बसताना तीच आठवण पुन्हा चाळवते. पाऊस नसतानाही चिडचिड, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं एक कारण हे असू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात आघातानंतरच्या तणाव-विकाराच्या तीन मुख्य खुणा आहेत. ती घटना आत्ता पुन्हा घडतेय अशा रीतीनं आठवणं, स्वप्नात किंवा जागेपणी. तिची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं, विषय टाळणं. आणि धोका अजून चालूच आहे अशी सततची जाणीव, म्हणजे दचकणं, सतत पहाऱ्यावर असणं. हे सगळं अनेक आठवडे टिकलं आणि त्यामुळं रोजचं जगणं अडलं, तर आजार म्हणायचा. तुमच्या लिहिण्यात तिसरी खूण स्पष्ट दिसते. पहिल्या दोन तुम्हाला बघाव्या लागतील. झोपेत ओरडतात का? कारखान्याच्या एखाद्या कोपऱ्यात जायचं टाळतात का? २०१९ चे फोटो कुणी काढले की उठून जातात का?

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न: माघ-फाल्गुनात, नदी पार तळाला गेलेली असताना, मामा कसे असतात? तेव्हा झोप लागते, कामात मन रमतं, नातवंडांशी खेळतात, तर आजाराची पकड हंगामी आहे आणि काम सोपं आहे. तेव्हाही उदास, भूक कमी, ‘आता कशाला मूर्ती करायच्या’ अशी भाषा असेल, तर भीतीच्या जोडीला नैराश्य आहे असं समजून लवकर डॉक्टरांकडं जायला हवं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. बीपी, साखर, थायरॉइड तपासलंय का? रात्री घोरणं, मध्येच श्वास अडकणं आहे का? प्रोस्टेटमुळं रात्री उठावं लागतं आणि उठल्यावर मोबाइल हातात येतो, असं तर नाही? झोप लागावी म्हणून थोडी घ्यायला लागलेत का? हे विचारताना लाजू नका. दारूनं झोप लागते खरी, पण पहाटे तीनला ती मोडते आणि भीती दुप्पट होऊन बसते. साठीनंतर नव्यानं स्वभाव बदलला तर विसरभोळेपणाही तपासावा लागतो. पण वहीत वेळ आणि इंचासकट नोंदी ठेवणारा माणूस आहे म्हटल्यावर मला त्याची शंका कमी वाटते.

आता करायचं काय. इथं मी जरा सविस्तर लिहितो, कारण औषध सोडून बाकीचं बरंचसं घरातच होतं.

मामांकडची पातळी काढून घेऊ नका, त्या पातळीला काम द्या. एका दुपारी, पाऊस नसताना, मामांना विचारा: २०१९ ला आणि २०२१ ला पाणी आपल्या उंबऱ्याला लागलं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होतं? त्यांच्या वहीत किंवा डोक्यात ते नक्की असेल. तो तुमच्या घराचा आकडा. प्रत्येक गल्लीचा वेगळा असतो. त्या आकड्यापासून उलटं मोजत या. इतके फूट झाले की खालच्या फळ्यांवरच्या मूर्ती वर घ्यायच्या. इतके झाले की टेम्पोवाल्याला फोन. इतके झाले की मूर्ती उंचावरच्या भाड्याच्या जागेत. इतके झाले की कागदपत्रं, दागिने, म्हातारी माणसं बाहेर. टेम्पो कोणाचा, जागा कोणाची, हमाल किती, हे जूनच्या आत ठरलेलं हवं. हे सगळं मामांनी ठरवायचं आणि मोठ्या अक्षरात कारखान्याच्या भिंतीवर लावायचं. दोन पूर बघितलेला माणूस आहे, या विषयात घरात त्यांच्याएवढं कुणाला कळत नाही. ते त्यांना तोंडावर म्हणा.

याचा फायदा असा की, भीतीला थांबायची जागा मिळते. आत्ता मामांच्या मनात ३२ फूट आणि ५२ फूट यांत फरक उरलेला नाही, दोन्हीला घंटा सारखीच वाजते. पहिली पायरी ३९ फुटांची ठरली असेल, तर ३४ फुटांना करण्यासारखं काही नाही, हे भिंतीवर लिहिलेलं असतं आणि त्यांच्याच हातचं असतं.

त्यानंतर बघण्याच्या वेळा. पहिल्या पायरीच्या खाली पाणी असेल तोवर दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी: सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी ६, रात्री ९. एकदम चारवर येणं जमणार नाही. आज ते चाळीस वेळा बघत असतील, तर पहिल्या आठवड्यात तासाला एकदा, मग दोन तासांनी. पाणी पहिल्या पायरीच्या वर गेलं की रात्रीही लक्ष ठेवायचंच, पण पाळी लावून. शेताला रात्रीचं पाणी पाजायला जशी पाळी असते तशी. १० ते १ तुमचे यजमान, १ ते ४ दुसरं कुणी, ४ नंतर मामा. पाळीवर नसलेल्यानं झोपायचं. पण एक अट आहे, आणि ती मोडली तर सगळं मोडेल: पाळीवरच्या माणसानं खरंच जागं राहायचं. एका रात्री मामांनी उठून बघितलं आणि मुलगा घोरत होता, तर पुढची पाच वर्षं ते कुणावर विश्वास ठेवणार नाहीत.

पातळी एकाच ठिकाणाहून घ्या, जिल्हा प्रशासनाकडून येणारी. पावसाळ्यात फिरणारे व्हिडिओ, ‘धरण फुटलं’, ‘अलमट्टीनं पाणी अडवलं’, त्यांतले निम्मे २०१९ चे असतात. ज्याच्या मेंदूत ती रात्र अजून ताजी आहे, त्याला हे व्हिडिओ म्हणजे दाराखालून येणारी ती पाण्याची धार. असले ग्रुप मामांच्या संमतीनं बंद करा.

बोलण्याबद्दल एक सांगतो, कारण तिथं मी स्वतः चुकलो आहे. २०१९ ला पाणी उतरत असताना मी निवारा छावण्यांत जायचो. लोकांना बसवून ‘काय झालं ते सगळं सांगा, मोकळे व्हा’ असं म्हणायचो. काहींना बरं वाटलं. पण काही जण सांगता सांगता थरथरायला लागले आणि त्या रात्री झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका आजींनी मला बघून तोंड फिरवलं. आपत्तीनंतर लगेच सगळं खोदून बोलायला लावू नये, हे मला वाचून माहीत होतं. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. तरी उत्साहात ते मी बाजूला ठेवलं होतं. त्या आजींचा चेहरा मी विसरलेलो नाही. नंतर मी छावणीत फक्त विचारायचो: चहा घेतला का, औषधं आहेत का, घरच्या कुणाशी बोलायचंय का. ज्याला सांगायचं होतं, त्यानं आपणहून सांगितलं. तुम्हीही मामांच्या शेजारी बसा, माती मळताना बसा, हातांना काम असताना माणूस जास्त बोलतो. त्यांनी सुरुवात केली तर ऐका, मध्ये उपाय सुचवू नका.

खोलात जाऊन ती रात्र पुन्हा उलगडण्याचं काम प्रशिक्षित माणसासोबतच व्हावं. त्या उपचारात आठवणीला सुरुवात, मध्य आणि शेवट मिळतो, आणि टाळलेल्या गोष्टींकडं पायरी-पायरीनं जायला शिकवतात. इथं वेळेचा मुद्दा फार मोलाचा आहे. लोक माझ्याकडं जुलैत येतात, दारात पाणी असताना. तेव्हा मी आग विझवण्याएवढंच करू शकतो. खरं काम दिवाळीनंतर होतं. हिवाळ्यात पंचगंगा घाटावर मामांना संध्याकाळी घेऊन जा, नदी शांत असते, दिवे असतात, माणसं असतात. पहिल्या दिवशी वरच्या पायरीवर दहा मिनिटं. धडधड होईल. तिथंच बसून राहिलं की ती आपोआप उतरते, आणि तिला उतरताना अनुभवणं हेच ते शिक्षण आहे, जे मोबाइल बघून कधी मिळत नाही. दारात पाणी असताना हा प्रयोग मुळीच करू नका.

औषधांबद्दल. या आजारात सर्ट्रालीनसारख्या गोळ्या देतात. असर दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण अंदाज यायला दोन-तीन महिने लागतात. त्यांची चटक लागत नाही, पण मनानं अचानक बंदही करायच्या नाहीत. झोपेच्या गोळ्यांचं वेगळं. त्यांनी पहिल्या रात्री चमत्कार वाटतो, पण या आजारावर तो इलाज नाही, सवय लागते, आणि ६३ व्या वर्षी रात्री तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. औषधांच्या दुकानातून परस्पर आणून देऊ नका. सगळ्यांना गोळी लागतेच असंही नाही. झोप पूर्ण मोडली असेल किंवा नैराश्य जोडीला असेल, तर मी लवकर सुरू करतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनाही नवऱ्याची काळजीच आहे, त्यांच्या शब्दांत. जोतिबाला जाऊन यायचं असेल तर सगळे मिळून जा, मामांना बरंच वाटेल. फक्त कुणी उपास, मारझोड, किंवा औषध बंद करायला सांगत असेल, तर तिथं ठाम राहा. आणि ‘वेड्याच्या डॉक्टरकडं’ जायला मामा तयार नसतील, तर झोपेसाठी जाऊ म्हणा. ते खोटं नाही, झोप हीच त्यांची सध्याची मोठी तक्रार आहे. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात झाली तरी चालेल. सरकारी सोय हवी असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, चौकशी करा. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, फोन मोफत, दिवसरात्र, मराठीत.

एका बाबतीत मात्र वाट बघत थांबायचं नाही. ‘आता जगण्यात काय उरलंय’ किंवा ‘नदीनंच घ्यावं’ असं मामा बोलले, तर ते रागातलं बोलणं म्हणून सोडू नका. सरळ विचारा: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना. रात्री घाटावर जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे मी मुद्दाम लिहितोय.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मी वाचलं तेवढ्यावरून हा स्वभाव वाटत नाही, वयही नाही. बरा होण्यासारखा त्रास वाटतो, आणि इतकी वर्षं झाली म्हणून उशीर झालेला नाही.

आणि ती वही. ती लपवू नका, तिच्यावरून मामांना हसू नका. फूट आणि इंचाच्या पुढं एक रकाना वाढवायला सांगा: बघायच्या आधी भीती दहापैकी किती, आणि बघितल्यावर दहा मिनिटांनी किती. नोंदी ठेवणारा माणूस आहे, तो हे मन लावून करेल. पंधरा दिवसांत त्यांना स्वतःलाच काहीतरी दिसायला लागेल. डॉक्टरांकडं पहिल्यांदा जाल तेव्हा बाकीच्या फायली राहिल्या तरी चालतील, वही तेवढी बरोबर घ्या.